घाला बिनधास्त, खाली काय नाय!

जमिनीखाली काय पुरलंय हे शोधायचं खात्रीचं यंत्र आपल्याकडे एकच आहे. ते पिवळं असतं, तासावर मिळतं आणि त्याच्या बकेटला दात असतात. ते जिथे दात लावेल तिथे काही ना काही निघतंच. जगातली बाकीची यंत्रं तोडायच्या आधी सांगतात, हे तोडल्यावर सांगतं, एवढाच काय तो फरक.

माझा या यंत्राशी संबंध आला तो संडासामुळे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या अंगाला, इनामगावच्या अलीकडे आमचं वडिलोपार्जित घर आहे. शहरात मास्तरकी करून निवृत्त झालेला माणूस गावी परततो तेव्हा त्याच्या मनात पहाट, मोर, हुरडा वगैरे असतं आणि त्याच्या बायकोच्या मनात घरातला संडास असतो. त्यात बायकोचंच बरोबर असतं. तेव्हा मागच्या अंगणात सेप्टिक टाकी, तिथून शोषखड्ड्यापर्यंत पाइप आणि जेसीबी आलाच आहे तर कंपाउंडचा पाया, असा बेत ठरला. ‘जेसीबी आलाच आहे तर’ या चार शब्दांनी महाराष्ट्रात जेवढी माती हलली असेल तेवढी धरणांनीसुद्धा हलवली नसेल.

ठेकेदार न्हावऱ्याच्या बाजूचा. पांढरा शर्ट, कानात ब्लूटूथ, हातात दोन फोन, आणि दोन्ही एकाच वेळी वाजत असलेले.

“खाली काही लाइनी वगैरे असतील तर?” मी विचारलं.

“नसत्यात.”

“आणि असल्या तर?”

“असल्या तर लगीच कळतं की, सर.”

“कसं?”

“तुटल्यावर.”

तुटायच्या आधी कळायची काही सोय आहे का, असं मी विचारल्यावर, परीक्षेआधी पेपर मागणाऱ्या पोराकडे मी ज्या नजरेने बघायचो त्या नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. मास्तरकीची सवय म्हणून मी वहीचं पान फाडून करार लिहायला घेतला. पहिलं कलम : काही फुटलं तर भरपाई कोणाची?

“तुमची. जमीन तुमची म्हणल्यावर पाइप तुमच्याच जमिनीत फुटणार.”

“पण फोडणार तुम्ही ना?”

“मी कुठं? ऑपरेटर फोडतो. आन् ऑपरेटर म्हणतो, फक्की मारली तिथंच बकेट घातली.”

“फक्की कोण मारतं?”

“मालक.”

असा जबाबदारीचा चर सगळीकडून फिरून माझ्याच अंगणात येऊन मिळाला. दुसरं कलम त्यानेच सुचवलं. “गुप्तधन घावलं तर निम्मं-निम्मं.” मी त्याला सांगितलं की १८७८ सालापासून कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. त्यावर तो क्षणभरही न थांबता म्हणाला, “मग धा-धा रुपयांचं काढू की थोडं थोडं.” करार इथेच थांबला. त्या पानावर नंतर हिने वाण्याची यादी लिहिली.

खणण्याआधी गावातल्या जुन्या माणसांना विचारावं, हा सल्ला सगळेच देतात. मी पारावर गेलो. नानांनी काठी उचलली आणि “ही अशी गेलीया बघा” म्हणत हवेत एक रेघ ओढली. त्या रेघेत तीन गट, एक ओढा आणि मारुतीचं देऊळ आलं. तात्या म्हणाले, नळयोजनेची लाइन रस्त्याच्या पलीकडून आहे. मग म्हणाले, नाही, अलीकडून. मग बराच विचार करून म्हणाले, लाइन तिथंच आहे, रस्ता सरकलाय. आण्णांनी दोघांनाही मोडीत काढून निकाल दिला, “घाला बिनधास्त, खाली काय नाय.” पण सगळ्यांत ठाम होता तो मुळात शेजारच्या गावचा, गिरणीवर दळण टाकून उगाच थांबलेला एक गृहस्थ. “माझ्या जबाबदारीवर घाला,” असं म्हणून तो पीठ घेऊन गेला तो गेलाच.

हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पारावरच्या प्रत्येकाला दुसऱ्याची पाइपलाइन कुठून जाते हे इंचाइंचाने माहीत होतं. “आणि नाना, तुमची स्वतःची कुठून जाते?” असं विचारलं की नानांना खोकला यायचा. तात्यांना विचारलं, तर कांद्याचे भाव आठवले. आण्णा लघवीला उठले.

याचं कारण समजायला आमच्या भागाचा भूगोल समजला पाहिजे. वर चिंचणीला घोड धरण, खाली नदीवर बंधारे, एका बाजूने चासकमानचा कालवा. पाणी आहे, पण ते नदीत. ऊस आहे, पण तो नदीपासून कोस-दीड कोस आत. मधली जमीन दुसऱ्यांची. म्हणून नदीवर मोटर बसवायची आणि तिथून चार इंची सहा केजीचा पाइप लोकांच्या बांधांखालून, रस्त्याखालून, ओढ्याखालून न्यायचा. अशा पाइपलाइनी एकाच्या नाही, घरटी एक आहेत. काही घरांत तर भाऊ वाटून निघाल्यावर दोन. जमिनीवर आमचं गाव हजार-दीड हजार उंबऱ्यांचं, सुस्त; जमिनीखाली मात्र मुंबईची लोकल चालावी इतकी दाटी.

आता दुसऱ्याच्या जमिनीतून पाइप न्यायला कायदा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४९. तहसीलदारांकडे अर्ज करायचा, शेजाऱ्याचं म्हणणं ऐकून ते परवानगी देतात, पाइप जवळात जवळच्या वाटेने न्यायचा आणि जमिनीखाली किमान अर्धा मीटर पुरायचा. अतिशय समंजस कलम आहे. पण परवानगी मागितली तर शेजारी नाही म्हणण्याची शक्यता असते. म्हणून न मागण्याची पद्धत पडली. फार तर कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढताना विचारायचं, “दादा, एक पाइप न्यायचा व्हता तुमच्या बांधावरनं.” दादा तोंडात घास असल्यामुळे मान हलवतो. झाली परवानगी. पुढे दादा वारतो, पोरं वाटणी करतात, एक जण आपला हिस्सा विकतो, आणि घेणाऱ्याला माहीतच नसतं की आपण पावणेदोन एकर जमिनीबरोबर तीन जणांचं पाणी विकत घेतलंय. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा दिसतो, विहीर दिसते, झाडंसुद्धा दिसतात. पंगतीतली मान हलवलेली दिसत नाही.

म्हणून आमच्याकडे पुरलेल्या पाइपावर खुणेचा दगड कोणी रोवत नाही. दगड रोवला की पुरावा झाला. लोक म्हणतात खेड्यात नोंदी ठेवत नाहीत, विसरतात. कुणीही काहीही विसरलेलं नाही. सगळं तोंडपाठ आहे, फक्त सांगायचं नाही.

माझे दाजी दौंड तालुक्यात, यवतच्या पुढे राहतात. भीमेवरचा पूल ओलांडून शिरूरचा माणूस दौंडात गेला की त्याला शिस्तीवर व्याख्यान ऐकावं लागतं. दाजी म्हणाले, “आमच्याकडं बघ. मुंबई-पुणे-सोलापूरची पेट्रोल-डिझेलची लाइन जाते तालुक्यातनं. हाये का कुणाची टाप बकेट लावायची?” ते खरंच आहे. या मोठ्या वाहिन्यांना १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे. जमीन शेतकऱ्याचीच राहते, वर ज्वारी-बाजरी घ्यायला मुभा, पण त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर-तळं खोदायचं नाही, झाड लावायचं नाही. ठिकठिकाणी खुणेचे खांब, त्यावर फोन नंबर, आणि लाइनीवरून चालत जाणारे गस्तीवाले. दाजींनी मला एक खांब दाखवायला नेलं. खांबाला शेळी बांधलेली होती. वरच्या पाटीवर कुणाचातरी टॉवेल वाळत होता, त्यामुळे नंबर वाचता आला नाही, पण खांब जागेवर होता हे महत्त्वाचं.

“आणि दाजी, तुमची घरची लाइन, कालव्यावरनं आणलेली? ती कुठून जाते?”

दाजींना एकदम आठवलं की चहा राहिलाय.

माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो. तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “काका, इतकं सोपं आहे. इथे खणायच्या आधी ८११ ला फोन करायचा. फुकटात लोक येऊन जमिनीवर रंग मारून जातात. वीज लाल, गॅस पिवळा, फोन नारिंगी, पिण्याचं पाणी निळं, ड्रेनेज हिरवं.” मी हे पारावर सांगितलं. तात्यांचं म्हणणं पडलं की निळा, हिरवा आणि भगवा एकाच अंगणात मारला तर लोकांना वाटेल ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आण्णा म्हणाले, लाल मारलात तर करणी केली म्हणून बाया तो रस्ताच सोडतील. नाना काही म्हणाले नाहीत. त्यांना पुन्हा खोकला आला होता.

पण आपला देशही मागे नाही. दिल्लीत २२ मार्च २०२३ रोजी, म्हणजे बरोबर गुढीपाडव्याला, पंतप्रधानांच्या हस्ते ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप सुरू झालं. मुहूर्त साडेतीनांतला! कोण कुठे खणणार आहे हे त्यात भरायचं, म्हणजे ज्याची केबल तिथे पुरलेली आहे त्याला आधीच वर्दी जाते. न विचारता खणल्यामुळे ऑप्टिकल फायबर तुटून देशाचं दर वर्षी सुमारे ३,००० कोटींचं नुकसान होतं, असं तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं. खणण्याआधी कळवायचं, असा नियमही त्याच वर्षाच्या सुरुवातीला झाला. मी ताबडतोब ॲप उतरवून घ्यायला बसलो. गोल चक्र फिरत राहिलं. बाहेर येऊन पाहिलं तर फाट्यावर कुणीतरी चर खणत होतं आणि फायबर तुटली होती. केबल तुटू नये म्हणून जे ॲप घ्यायचं, ते केबल तुटल्यामुळे येईना.

संध्याकाळी फाट्यावर मोठी छत्री उभारून दोन पोरं ती केबल जोडत बसली होती. केसासारखे बारीक काचेचे धागे चिमटीत धरून एकेक यंत्रात घालत होती, आणि भोवती निम्मं गाव. “ह्याच्यात तांबं किती निघतं?” एकाने विचारलं. “नसतं, काच असते,” पोरगा म्हणाला. गर्दीतला एक जण हिरमुसला. त्याने मागच्या वर्षी रात्रभर जागून असाच एक तुकडा जाळला होता म्हणे.

मी त्या पोरांना विचारलं, “ही केबल किती खोल असते?”

“नियमानं एकशे पासष्ट सेंटीमीटर, काका.”

“आणि इथे?”

त्याने चपलेने माती जरा उकरली. दिसली.

कागदावर खोल्या ठरलेल्या आहेत. फायबर १६५ सेंटीमीटर, अकरा हजार व्होल्टची वीजवाहिनी ९० सेंटीमीटर, घरगुती दाबाची ७५, खाली वाळू, वर विटा. पण आमच्याकडे फूटभर काळी माती, मग मुरूम आणि मग असा खडक लागतो की टिकाव परत येऊन कपाळावर बसतो. पुरणाऱ्याला पैसे मीटरवर, म्हणजे लांबीवर, खोलीवर नाही. तेव्हा खडक लागला की लाइन वर येते आणि मऊ लागलं की वरच राहते. ठेकेदाराचं शास्त्र याहून सोपं होतं. “सर, सगळ्या लाइनी एकाच खोलीला असत्यात. जेसीबीचा दात पोचंल तिथं.”

वरून पाहूनही थोडं ओळखता येतं. पावसाळ्यानंतर माती सरळ रेघेत दबलेली असते, कुठे एअर व्हॉल्व्हचं नळकांडं डोकं वर काढतं, आणि ऐन मे महिन्यात एखादीच पट्टी हिरवीगार असते, म्हणजे खालचा जोड गळतोय. माझ्या मागच्या अंगणात अशी हरळीची तिरकी पट्टी होती. मी ती अभिमानाने सगळ्यांना दाखवायचो, आमच्या मातीचा कस म्हणून. आता शंका आली. हिने सांगितलं, ते भांडी घासायच्या पाण्यामुळे आहे. भांडी घासायचा दगड अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होता. पण मुद्दा मांडणारी व्यक्ती लक्षात घेता मी तो खोडला नाही.

शेवटचा उपाय म्हणून पाणाडी आणला. त्याने आधी माझी विनंतीच फेटाळली. “मी देवाचं पाणी बघतो, पाइपातलं नाय.” मग दक्षिणा पाहून तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि अंगणात फिरू लागला. जिथे सेप्टिक टाकी होणार तिथेच बरोबर नारळ ताडकन उभा राहिला. “दोन इंच पानी. गोडं. दीडशे फुटाला.” मी म्हटलं, मला इथे संडासाची टाकी करायचीय. तो दुखावला. “येवढ्या पान्यावर?” असं म्हणून तो नारळ घेऊन निघून गेला.

कधी कधी वाटतं, आमच्या गावापेक्षा इनामगाव किती भाग्यवान. तिथल्या टेकाडावर डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ दरम्यान हंगामामागून हंगाम उत्खनन केलं. ब्रशने माती झाडत, दोरी लावून चौकोन पाडत. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्यासारखी माणसं. त्यांना तिथे तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची घरं सापडली, घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून पुरलेले रांजण आणि त्यांत लहान मुलांच्या अस्थी सापडल्या, आणि शेतीला पाणी न्यायचा पाटसुद्धा सापडला. तीन हजार वर्षांपूर्वीचा पाट! कुठून निघाला, कुठे गेला, सगळं नकाशावर. आणि नानांची पाइपलाइन पंधरा वर्षांपूर्वीची, नाना अजून जिवंत, तरी पत्ता नाही. त्या काळच्या माणसाला निदान आपल्या घराखाली काय पुरलंय एवढं तरी ठाऊक असायचं.

तरी जेसीबी यायच्या आधी मी हट्टाने दोन गडी लावून टिकाव-पहारीने चाचणीचे खड्डे घेतलेच. हे सगळीकडचे जाणकार सांगतात : यंत्र घालण्याआधी हाताने उकरून पाहावं. फक्कीच्या रेघेवर, बरोबर हरळीच्या पट्टीखाली, एक राखाडी पाइप लागला. मी विजयाने सगळ्यांना बोलावलं. ठेकेदाराने वाकून टिचकी मारली, कान लावला आणि सांगितलं, “मेलेली हाय.”

“कशावरून?”

“आवाज पोकळ येतोय.”

तात्यांनीही टिचकी मारली. मेलेली. आण्णांनी तर ती पंचाहत्तर सालच्या एका बंद पडलेल्या योजनेची आहे असं छातीठोक सांगितलं. पाइप प्लॅस्टिकचा, त्यावर छापलेली कंपनी आणि सहा केजीचा शिक्का मला अजून वाचता येत होता. पण गावाने एकमताने मृत घोषित केलेल्याला जिवंत म्हणणारा मी कोण? नाना तेवढे त्या दिवशी आले नाहीत. कळलं की खोकला वाढलाय.

जेसीबी आला. २०१९ साली जेसीबीची खुदाई बघणाऱ्या गर्दीवर सगळा देश मोबाइलवर हसला होता. आमच्याकडे ती गर्दी त्याच्या आधीपासून होती आणि नंतरही आहे. कामावर जाणारे थांबले, कामावरून येणारे थांबले, एक वरात थोडा वेळ थांबली. ऑपरेटरने दात लावला, पाइप काडकन मोडला, आत थेंबभरही पाणी नाही. ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं. मी वर आभाळाकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत खड्डा चौकोनी, सुरेख तयार झाला. पाइपाचा तुटका तुकडा हिने वेलाला आधार म्हणून रोवलाही.

आता आमच्याकडच्या विजेचं थोडं सांगतो. शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री उसात बिबट्या असतो, त्यामुळे नदीवर मोटर चालू करायला कुणी जात नाही. त्यासाठी ऑटो बसवलेला असतो : लाइट आली की मोटर आपोआप सुरू, गेली की बंद. मालक घरात घोरत असतो आणि ऊस भिजत असतो. तो आठवडा रात्रीचा होता.

मध्यरात्रीनंतर मागून खळखळ आवाज येऊ लागला. ही म्हणाली, “पाऊस आला वाटतं, वाळवणं काढा.” चांदणं लख्ख पडलेलं. मी कूस बदलली.

सकाळी मागचं दार उघडलं तर अंगणात तळं. खड्डा काठोकाठ भरून पाणी बांधाकडे निघालं होतं आणि त्यात बेडूक असे रुळलेले की पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहत असावेत. बघता बघता लोक जमले. “सरांच्या खड्ड्याला पानी लागलं!” कुणीतरी हळद-कुंकू वाहिलं, नारळ फुटला. पाणाडी सगळ्यांच्या पुढे उभा. “दीडशे फूट म्हनलो व्हतो, ते भेटायला वर आलं,” असं तो लोकांना सांगत होता, आणि दुपारपर्यंत त्याला आणखी चार अंगणांची आमंत्रणं मिळाली होती.

गर्दी पांगल्यावर मागच्या फाटकातून नाना आले. खोकला अजिबात नव्हता. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, हिच्या वेलाच्या आधाराकडे पाहिलं आणि खाली बसले.

“रातभर मोटर चालली मास्तर, उसाला थेंब न्हाई.”

मी म्हटलं, “नाना, झालं ते झालं. जे काय नुकसान असेल ते मी...”

“हळू बोला!” नानांनी माझं तोंडच दाबलं. “पैशाचं जाऊ द्या. वरनं एक पोतं कांदा पाठवतो. फकस्त तात्याला कळू देऊ नका. लाइन त्याच्या शेतातनं येतीय. इचारायचं राहून गेलं. पंधरा वर्सं झाली.”

मी भरपाई द्यायला निघालो होतो आणि घेऊन परत आलो. असा व्यवहार माझ्या नोकरीत कधी झाला नव्हता. पण पाइप जोडायचा म्हणजे सॉकेट आणि सोल्युशन पाहिजे, आणि पाइपाला सैलावा यावा म्हणून तात्यांच्या बांधापर्यंत दोन्ही बाजूंनी तो उघडा करावा लागणार. ठेकेदाराचे गडी उकरत उकरत बांधाशी गेले आणि थांबले.

“सर, इथं टी हाय.”

नानांच्या पाइपाला तिथे एक इंची टी बसवलेला होता, आणि तिथून एक बारीक पाइप गुपचूप तात्यांच्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांकडे गेला होता. नेमके त्याच वेळी तात्या खड्ड्याचं पाणी पाहायला आलेले. नाना बांधाच्या या बाजूला, तात्या त्या बाजूला, मध्ये टी. मी मास्तरकीत मारामाऱ्या बऱ्याच सोडवल्या आहेत, म्हणून बाह्या सावरल्या.

काहीही झालं नाही. नानांनी टीकडे पाहिलं, मग तात्यांकडे. हा टी कुणाचा, असं विचारायची सोय नव्हती, कारण लगेच दुसरा प्रश्न आला असता की माझ्या शेतात हा पाइप कुणाचा. तात्यांचीही तीच अडचण, उलट्या बाजूने. दोघंही बराच वेळ त्या टीकडे पाहत उभे राहिले. शेवटी आण्णा म्हणाले, “जुना असंल.”

“जुनाच हाय,” तात्या म्हणाले.

“लई जुना,” नाना म्हणाले.

मग दोघांनी मिळून, शेजारी शेजारी उकिडवे बसून, तो जोड बसवला. सोल्युशन नानांनी लावलं, पाइप तात्यांनी दाबून धरला. एवढा सलोखा तंटामुक्तीच्या सभेतसुद्धा पाहिला नव्हता. टी तसाच राहिला. संध्याकाळी नानांकडून कांद्याचं पोतं आलं आणि काळोख पडल्यावर तात्यांच्या सुनेने मेथीच्या चार जुड्या आणून दिल्या, “मामंजींनी दिल्यात, कशाबद्दल ते तुमाला म्हाइतीय म्हनले.”

सेप्टिक टाकी चार हात सरकवून झाली. बेडूक अजून आहेत. शोषखड्ड्याकडे जाणारा पाइपही पडला, पण मध्ये आंब्याचं मूळ लागल्याने तो जरा वळवावा लागला आणि वळताना, दोरी लावून मोजलं तर, हातभर चुलत्यांच्या हद्दीत जातो. चुलते पुण्याला असतात. माती लोटून झाल्यावर ठेकेदार हात झटकत म्हणाला, “सर, तुम्ही येवढे नियमाचे मानूस. ह्या पाइपाच्या वर खुनंचा येक दगुड रोवू का? फुडच्याला कळंल.”

मी चुलत्यांच्या बांधाकडे पाहिलं.

“कसला पाइप?” मी म्हणालो.